नांद्रुकाखालची वाघर

१

घरातली भांडणं दाराबाहेर पडत नसली तरी पाईपातून खाली जातातच, हे जानकूइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मंचरपासून जुन्नरपर्यंत कुणाचा संडास तुंबला की त्याला फोन यायचा, आणि त्या घरानं जे काही लपवलेलं असेल ते त्याच्या हाताला लागायचं. एका माळकरी घरातून त्यानं पाटीभर मासळीचे काटे काढले, तेव्हा सासरा आणि जावई एकमेकांकडं बघतच राहिले होते. नारायणगावात एका म्हाताऱ्याची कवळी काढून, धुऊन हातात दिली, तर बाबानं ती तिथंच तोंडात बसवली आणि "आता चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई" म्हणून आग्रह केला. जानकू हे सांगायला लागला की त्याचा जोडीदार महंमद हनीफ शेजारून म्हणायचा, "मागच्या टायमाला ती कवळी म्हातारीची व्हती, जानकूशेठ."

हनीफ जुन्नरचा. मशीन त्याचं आणि हात जानकूचा, अशी दोघांची वाटणी. मशीन म्हणजे मोटरवर फिरणारी लांबलचक स्प्रिंग आणि तिच्या टोकाला दातेरी पातं. चिंध्या, केस, प्लास्टिक, असला माल तिच्यापुढं किरकोळ. खरी वैरीण म्हणजे झाडाची मुळी. सांध्यात केसाएवढी फट सापडली की ती आत शिरते आणि आत गेली की घोड्याच्या शेपटासारखी फुलते. तिला कापायला पातं आत जायला हवं, पातं जायला चेंबर मोठं हवं, आणि लोकांना तर चेंबर नुसतं दिसलेलंही खपत नाही. अंगणाला कोबा करताना गवंड्याला सांगतात, झाकून टाक रे ते. गवंडी उपकार केल्यासारखं ताटलीएवढं भोक ठेवतो. मग जानकू शर्ट काढून कोब्यावर पालथा पडतो आणि खांद्यापर्यंत हात आत घालतो. डोळे मिटून. उघडे ठेवून दिसणार काय, कपाळ?

त्या रविवारचं काम मात्र परक्याचं नव्हतं. लेकीचं होतं.

२

हर्षाली तान्ही पोर घेऊन घोडेगावचं सासर सोडून आली, त्याला आता एक उन्हाळा उलटून गेला होता. नवरा भैरवनाथ हात उचलायचा. ती माहेरी महाळुंगे पडवळला आली की हा मागोमाग येऊन दारात बसायचा, गोड बोलायचा, आणि भावकी म्हणायची, जाऊ दे पोरी, चुकतो माणूस. ती जायची, आणि नवा डाग घेऊन परत यायची. शेवटी तिनं अवसरी खुर्दला घर भाड्यानं घेतलं आणि कॉलेजच्या पोरापोरींचे डबे सुरू केले. इथं भैरवनाथ एकदा आला होता, पण फाटकापाशीच घुटमळला आणि गाडी वळवून निघून गेला. का, ते त्यालाच ठाऊक.

हे घर टिकलं तर हर्षाली सुटली, इतकं सरळ होतं. आणि घर टिकायचं तर मोरी वाहायला हवी होती. मालकीण गोजरबाई समोरच राहायची. जानकूची गाडी थांबायच्या आत ती कमरेवर हात ठेवून हजर.

"पावणं, वास माझ्या चुलीपतोर येतोय. आज मोकळं झालं तर ठीक, न्हाई तर पोरीला दुसरं घर बगाया सांगा. मी वाईट न्हाई, पर मला नाक हाय."

"आज व्हईल, मावशी."

"व्हईल म्हणून आदी दोघं येऊन गेले. एक तर पैसं न घेताच गेला."

"का वो?"

"मला काय माहीत? हात धूत व्हता, धूत व्हता, आन गेला."

३

घराच्या मागं अंगणभर कोबा, भिंतीला लागून ते ताटलीएवढं भोक, आणि पलीकडं कुंपणाशी जुनं नांद्रुकाचं झाड. पाईप त्या झाडाखालूनच टाकीकडं गेला होता. हनीफनं झाड बघून कपाळावर हात मारला.

"संडासाच्या वाटंत नांद्रुक कुणी लावला रे?"

"लावलाय कुठं? आदी झाड, मग घर."

"मग घरच काढू. सोपं पडंल."

भोकातून पातं जाणार नव्हतं, म्हणून हनीफनं कुंपणापलीकडं टाकीशी मशीन लावलं आणि स्प्रिंग उलटी, घराच्या दिशेनं सोडली. बुंध्याखालून ती सरसर गेली. मुळीला पातं भिडलं की मोटर कण्हते आणि स्प्रिंग हातात नाचायला लागते. इथं तसलं काहीच झालं नाही. स्प्रिंग जात राहिली आणि भिंतीच्या थोडी अलीकडं थांबली. हनीफनं मशीन बंद केलं. मग स्प्रिंग हातभर मागं आली. सावकाश, आपली आपण.

"ताण आसतो तिच्यात," हनीफ म्हणाला. "मुळ्या रबरावाणी ढकलत्यात."

"ढकलत्यात," जानकू म्हणाला.

पातं बाहेर काढलं तर दात्यांत मुळीचा एक तंतूही नव्हता. घाणसुद्धा नव्हती. जानकूनं ते नाकाशी नेलं आणि पुन्हा एकदा नेलं.

"काय रे, अत्तर हाय का?"

"वास घे. मेंढराचा हाय. पावसात भिजल्यालं मेंढरू."

हनीफनं हुंगलं आणि पातं खाली ठेवलं. "तुझ्याच अंगाचा आसंल. पिढ्या गेल्या तुमच्या मेंढरामागं. आंगुळीनं जातोय व्हय तो?"

जानकू हसला. हसण्यासारखंच होतं ते. तुंबलेल्या पाईपाला शंभर वास असतात आणि त्यातले निम्मे त्याला नावानं ओळखता यायचे. पण ओल्या लोकरीचा वास पाईपात येतो कुठून? कुणीतरी घोंगडी धुतली असेल, असं त्यानं ठरवलं. या आळीत आता कुणाकडं घोंगडी उरली नव्हती, हे त्यानं मुद्दाम आठवलं नाही.

४

मग जानकू पालथा पडला. आधी गार सिमेंट, मग चेंबरची कड, मग पाईपाचं तोंड. बोटं आत गेली आणि मुळ्यांना लागली.

त्याला वाटलं होतं गुंता लागेल. लागली ती पेन्सिलीएवढी जाड एक मुळी, तिला आडवी दुसरी, आणि जिथं त्या एकमेकींना भेटत होत्या तिथं गाठ. पुढं पुन्हा मुळी, पुन्हा गाठ. मधल्या चौकोनातून चार बोटं आरामात जात होती.

मुळ्या गुंततात, फार छान गुंततात. पण मुळीला गाठ मारता येत नाही. गाठ मारायची तर टोक मागं न्यावं लागतं, फासातून घालावं लागतं, ओढावं लागतं. त्याला घाई नसलेलं कुणीतरी लागतं. जानकूनं स्वतःची समजूत घातली, आधीच्या गड्यानं चिंध्या अडाव्यात म्हणून दोरीचं जाळं लावलं असेल. पण दोरीला साल नसते. ही साल त्याच्या नखाखाली जात होती, ओली आणि जिवंत.

"विळा देऊ का?" वरून हनीफचा आवाज आला.

जानकूच्या बोटांनी तोवर जाळं ओळखलं होतं. त्याचा बाप बेल्ह्याच्या माळापासून थेट कोकणाच्या वाटेपर्यंत मेंढरं फिरवायचा. मुक्काम पडला की रानात मेंढरांभोवती दोरीचं जाळं उभं करायचं, त्याला वाघर म्हणतात. मेंढरं आत आणि बिबट्या बाहेर. जानकूचं निम्मं पोरपण वाघरीच्या गाठी मारण्यात आणि सोडण्यात गेलं होतं. वाघर कुणी कापत नाही. वाघरीला विळा लावलेला बापानं बघितला असता तर त्याला उपाशी निजवला असता. ती सोडायची असते. दुसरा कुणी गडी असता तर विळा घेऊन मोकळा झाला असता. जानकूच्या बोटांनी मात्र त्याला न विचारताच वाघरीच्या दाराची गाठ शोधायला घेतली.

दाराच्या गाठीचं शेपूट, म्हणजे सुटं टोक, कायम बाहेरच्या अंगाला ठेवतात. आत राहिलं तर मेंढरं चघळून गाठ सोडवतात. बोटं अलीकडं फिरली. अलीकडं काही नव्हतं. मग जाळ्यातून दोन बोटं पलीकडं, झाडाच्या बाजूला गेली. शेपूट तिथं होतं. त्यानं ते धरलं, आत लोटलं, आणि गाठ सुटली.

सुटल्यावर त्याच्या डोक्यात आलं की बाहेर जर पलीकडं असेल, तर मग आपण, हे अंगण, ही मोरी, आत स्वयंपाकघरात पोरीला थोपटणारी हर्षाली, हे सगळं कुठल्या बाजूला आलं?

त्यानं हात काढून घेतला आणि बराच वेळ धुतला.

५

पाणी मात्र गेलं. जाळं बाजूला झाल्यावर त्याला अडकलेल्या केसाळ मुळ्या हातानंच निघाल्या, हनीफची स्प्रिंग थेट आरपार आली आणि मोरीतून असा गडगडाट झाला की गोजरबाई पोह्यांची ताटली घेऊनच आली.

"पावणं, हाताला गुण हाय तुमच्या!"

"हात त्याचा, गुण मशीनचा," हनीफ म्हणाला, आणि आपली ताटली घेऊन कुंपणापलीकडं स्प्रिंग गुंडाळायला गेला.

पोहे संपायच्या आत पोर रडायला लागली. भुकेचं रडणं नव्हतं ते आणि पोटदुखीचंही नव्हतं. हर्षाली तिला घेऊन पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत फेऱ्या मारायला लागली. मध्येच थांबायची, कान द्यायची, पुन्हा चालायची. समोर गोजरबाईची म्हैस दावं ताणून उभी होती. जानकू खाटेवर बसला, उठला, मोरीत डोकावला, परत बसला. बूड एका जागी टिकेना.

"आबा, कायतरी उघडं राह्यलंय का?"

"काय उघडं?"

"कुणास ठाऊक. गॅस बगितला. टाकीचं झाकण बगितलं." ती दारात उभी राहिली. "हितं आल्यापास्नं मी रातीला कडीबी लावली न्हाई कदी. गाढ झोप यायची. कुणीतरी राखण करतंय आसं वाटायचं. आन आज दिवसाढवळ्या वाटतंय, कडी लावावी."

"तुंबलेलं हवंसं वाटतंय व्हय तुला?" जानकूनं हसायचा प्रयत्न केला.

ती हसली नाही. कुंपणापलीकडं हनीफ मजेत शीळ घालत होता. त्याला काहीच होत नव्हतं. तिथं बाहेर.

वाघर उघडी राहिली तर मेंढरं पळून जात नाहीत. एकमेकांना टेकतात, माना आत करतात आणि थरथरत उभी राहतात. पळतात ती नंतर, कुणी आत शिरल्यावर. बाप हे सांगायचा तेव्हा जानकूला त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. आता त्यानं लेकीकडं बघितलं. पोरीला छातीशी धरून ती भिंतीला टेकली होती.

फाटकाशी मोटरसायकल थांबली.

६

भैरवनाथ चपला न काढता आत आला आणि खाटेवर बसला, घर आपलंच असल्यासारखा.

"हितनं चाललो व्हतो. म्हटलं, बगावं. मागं आलो तवा आत यावंसं वाटलं न्हाई. आज वाटलं." मग हर्षालीला म्हणाला, अगदी मऊ आवाजात, "चल. पोरीची कापडं घे."

"ती कुठं यायची न्हाई," जानकू म्हणाला.

"मामा, तुमी गटारात हात घाला. संसारात नगा."

जानकूची मूठ वळली. पण मूठ वळून आजवर काय झालं होतं? आधीही वळली होती. त्यावर भावकी बसली, चहा झाला आणि हर्षाली गेली. त्यानं तिच्याकडं बघितलं. डबे पोचवताना पोरांना चार शब्द सुनावणारी, गोजरबाईशी तोंडाला तोंड देणारी पोर मान खाली घालून उभी होती.

"जाते मी, आबा," ती म्हणाली. आवाजाला वजनच नव्हतं. "ते आलेत न्यायला."

आणि ती खरोखरच पिशवी काढायला लागली. दुपटं घातलं, दुधाची बाटली घातली. भैरवनाथ खाटेवर पाय हलवत बसला होता. पोर रडून रडून निळी पडायला आली होती.

जानकू मागच्या दारानं बाहेर पडला आणि शर्ट काढला.

"आता काय राह्यलं?" हनीफनं कुंपणावरून विचारलं.

"गाठ."

"कसली गाठ? पाणी गेलं की! जानकू, येड लागलं का?"

जानकू पालथा पडला होता.

७

मुळ्या तिथंच होत्या, सोडल्या तशा लोंबत. त्यानं एक धरली, दुसरीवरून घेतली, फास केला. मागं आत पोर किंचाळत होती आणि त्याची बोटं शांतपणे काम करत होती.

अडचण शेपटाची होती. ते पलीकडं गेलं पाहिजे आणि पलीकडूनच आवळलं पाहिजे, नाहीतर गाठ बसत नाही. भोक मोठं असतं तर मनगट वळवून त्यानं ते केलं असतं. पण कोब्याची कड दंडाला रुतत होती आणि मनगट काही वळेना. लहानपणी हे काम दोघांचं असायचं. जानकू आतून शेपूट द्यायचा आणि बाहेर बाप ते ओढायचा.

त्यानं शेपूट जाळ्यातून पलीकडं दिलं आणि धरून ठेवलं. कशासाठी धरून ठेवलंय, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

शेपूट घेतलं गेलं.

हिसका नव्हता, घाई नव्हती. पलीकडून कुणीतरी ते त्याच्या बोटांतून नीट काढून घेतलं, जसं द्यायच्या वस्तूला आपण हात पुढं करतो तसं. फास सरकला. गाठ बसली. मग आणखी एक हलका ताण आला, गाठ धरते का ते बघणारा. मुळ्या असं करतात का? पाण्याची ओढ असेल. पाणी त्या बाजूला जातं, ओढ तिकडंच असणार. जानकू हे सगळं मनात भराभरा म्हणत होता, तेवढ्यात जाळ्यातून काहीतरी अलीकडं आलं आणि त्याच्या हाताला लागलं.

ते मनगटापासून कोपराकडं गेलं, केसांच्या उलट दिशेनं. केस बाजूला सारत, खालची कातडी चाचपत. घाई नव्हतीच. लोकर किती आली, अंगात किती भरलंय, हे बघताना असंच बघतात. जानकूनं स्वतः हजारदा बघितलं होतं.

मग ते गेलं, आणि ओल्या लोकरीचा वास एवढा दाटला की त्याला श्वास घेता येईना.

"आरं, हात काढ की!" हनीफ कुंपण ओलांडून आला होता. त्यानं खांद्याला धरून ओढलं. जानकूच्या दंडाची साल निघाली होती. "काय लागलं हाताला?"

"काय न्हाई."

"मग तोंड आसं का झालंय?"

पोर रडायची थांबली होती. कधी, ते दोघांनाही कळलं नाही.

८

भैरवनाथ खाटेवर नव्हता. फाटकाबाहेर गाडीला किक मारत होता, आणि थंड हवेत त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"लई कोंदट हाय आत," तो कुणाकडंही न बघता म्हणाला. "हर्षाली, भाईर ये."

"न्हाई यायचं मला," हर्षाली दारातून म्हणाली. तिचा आवाज परत आला होता. "आन पुन्यांदा आलास तर आत ये. फाटकातनं वरडू नको."

तो आत आला नाही. फाटकाच्या कडीला हात लावून त्यानं तो विस्तवावरून काढावा तसा मागं घेतला, आणि गाडी सुरू होताच गेला.

"शाब्बास गं पोरी!" हनीफनं टाळी वाजवली. "जानकूशेठ, मी मशीन टेंपोत टाकतो, तू शर्ट घाल."

समोर म्हैस खाली बसून रवंथ करत होती. हर्षालीनं पिशवीतलं दुपटं काढून पुन्हा घडी घातली. जमिनीवर पोरीला घेऊन बसली, भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून. गेल्या कित्येक महिन्यांत जानकूनं तिला असं बसलेलं बघितलं नव्हतं.

"आबा, आज हितंच ऱ्हावा की. भाकरी टाकते."

जानकू तिच्यासमोर बसला. त्याला सांगायचं होतं. आज, आत्ता, हनीफ बाहेर उभा आहे तोवर. ऊठ, पोरीला घे, दुसरं घर बघू. वाघर बिबट्याला बाहेर ठेवते, खरं आहे. पण ज्यानं ती लावली तो मेंढरं कशासाठी राखतो, हे धनगराच्या पोरीला काय सांगायचं? आधी लोकर जाते. मग कधीतरी बाजाराच्या दिवशी तो वाघरीत वाकतो आणि कोकरांत हात घालतो. पण ऊठ म्हणायचं, तर उठून तिनं जायचं कुठं? फाटकाबाहेर काय होतं, ते आत्ताच गाडीवर बसून गेलं होतं.

"जानकू!" बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला. "यायचंय का न्हाई?"

त्यानं सांगायला तोंड उघडलं.

मोरीतून आवाज आला. टाळूला जीभ लावून केलेलं टकटक, आणि त्याच्यामागं लांब, हलकी हाळी. संध्याकाळी कोकरांना जवळ बोलवायची. तिच्यात राग नव्हता, माया होती.

हर्षालीच्या मांडीवर पोरीनं मान वळवली आणि बोळकं पसरून हसली. हर्षालीची मान वळली. बाहेर हनीफ नावानं हाका मारत होता, आणि जानकूला त्या ऐकू येत होत्या, प्रत्येक हाक ऐकू येत होती. फक्त त्याला कळेना, आपण फाटकाकडं का बघत नाही. त्याची मान केव्हाच मोरीकडं वळली होती.